पाच लाख किलोमीटरचं इंजिन

लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा पाहुणा एकदा तरी माझ्या उजव्या हाताकडे बघतो. नखांच्या कडा काळ्या, पेरांवर काळ्या रेघा. साबण, रॉकेल, लिंबू, बेसन, सगळं करून पाहिलं. छत्तीस वर्षांचं इंजिन ऑइल आहे, ते एका अंघोळीत कसं निघणार? पूर्वी मी हात आवरून बसायचो. आता कोणी बघितलं तर मीच सांगतो, "गाड्यांचा मिस्त्री आहे जी. नागपुरात काटोल नाक्याजवळ गॅरेज आहे."

मग पाहुण्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "आमची गाडी लाखावर गेली. आता काढून टाकावी का?"

माझं सगळं पोट या एका प्रश्नावर चाललं. चकचकीत नव्या गाड्या माझ्याकडे येत नाहीत. त्या कंपनीच्या काचेच्या शोरूममध्ये जातात, तिथे मालकाला कॉफी मिळते. माझ्याकडे येतात त्या दीड लाख, दोन लाख, तीन लाख किलोमीटर चाललेल्या. त्यांना चालत ठेवणं हे माझं काम. त्यातलं निम्मं काम म्हणजे वेळेवर तेल बदलणं. ऐकायला हे फार किरकोळ वाटतं. घरातलं माणूस वेळेवर जेवतं-झोपतं का, हे बघणंही तसंच किरकोळ असतं.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात लोखंडाचे भाग एकमेकांशेजारी मिनिटाला हजारो वेळा फिरतात. ते एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये तेलाचा पातळसा थर असतो. केसापेक्षाही बारीक. सगळा खेळ त्या थरावर. तेच तेल आतली उष्णता उचलतं, आतली काजळी आणि कीस स्वतःत घेतं आणि फिल्टरमध्ये नेऊन सोडतं. म्हणून डिझेल गाडीचं तेल चार दिवसांत काळं होतं. गिऱ्हाईक भांडायला येतं, "परवाच बदललं, आज पाहा, डांबर झालं! जुनंच तर नाही टाकलं?" मी म्हणतो, काळं झालं म्हणजे काम करून राहिलं. घरातली फरशी पुसल्यावर फडकं पांढरं राहिलं, तर पुसणाऱ्यावर शंका घ्यायला पाहिजे.

तेल संपलं, थकलं, हे रंगावरून कळत नाही. मी अंगठा आणि बोटात घेऊन घासतो. खरखर लागली तर धूळ शिरली. वास घेतो. डिझेलचा वास आला तर दुसरीच भानगड. आणि काढलेलं तेल थोडं एका पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत घेऊन उन्हात तिरकं धरतो. ही बशी बायकोच्या सेटमधली. ती पहिल्यांदा गॅरेजमध्ये नेली तेव्हा घरी दोन दिवस अबोला होता. आज स्कॅनर आले, मोबाइलवर गाडीची नाडी दिसते. मीही एक घेतला आहे. पण बशी अजून ठेवली आहे.

आठल्ये साहेब नावाचे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, धरमपेठेत राहणारे. त्यांची गाडी म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती. अकरा वर्षांत चार हजार किलोमीटर. रोज सकाळी पुसायची, आठवड्यातून दोनदा भाजी आणायला जेमतेम दीड किलोमीटर न्यायची, परत कव्हर घालायचं. एके दिवशी इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घेऊन आले.

मी विचारलं, "साहेब, तेल कधी बदललं होतं?"

"अहो, गाडी चालतच नाही तर तेल खराब कसं होईल? चार वर्षं झाली असतील. किलोमीटर कुठे झालेत?"

त्याच वेळी शेजारी वसंताची गाडी उभी होती. वसंता म्हणजे नरखेड तालुक्यातला एक टॅक्सीवाला, त्याच्याबद्दल पुढे सांगणारच आहे. त्याच्या मीटरवर तेव्हा चार लाखांचा आकडा होता. मी दोन्ही गाड्यांची तेल भरायची झाकणं काढली आणि साहेबांना म्हटलं, "दोन्हीकडे बोट घालून पाहा."

साहेबांनी आधी रुमाल काढला, मग बोट घातलं. वसंताच्या गाडीत पातळ काळं तेल आणि त्याखाली स्वच्छ धातू. त्यांच्या स्वतःच्या गाडीत बोटाला काळी खीर लागली.

"ही चार लाखांची? आणि ही माझी?"

मी त्यांना समजावलं. गाडी सुरू झाली की इंजिनात पाण्याची वाफ धरते. वीसेक किलोमीटर चाललं, इंजिन नीट तापलं, की ती उडून जाते. दीड किलोमीटरला इंजिन कोमट होतं आणि आपण ते बंद करतो. पाणी आतच राहतं, तेलात मिसळतं, त्याची साय होते. तेल किलोमीटरने म्हातारं होतं, तसं दिवसांनीही होतं. ज्या गाडीला आपण फार जपतो ती अशी आतून जाते.

इंजिन धुवायला दोन दिवस लागले, पण वाचलं. आठल्ये साहेबांनी तेव्हापासून एक नियम केला: दर रविवारी पत्नीला घेऊन रामटेक. काकू मला एकदा रस्त्यात भेटल्या तर म्हणाल्या, "तीस वर्षं सांगत होते, फिरायला नेत जा. तुमचं ऐकलं बघा." माझ्या धंद्यात मिळालेली ही एक मोठी पावती.

आता वसंता. तो पहिल्यांदा आला तेव्हा सेकंडहँड घेतलेली पांढरी डिझेल गाडी घेऊन आला होता. मीटर एक लाख पंच्याऐंशी हजारांवर. उंच, सडपातळ, बोलताना सारखी मान खाजवणारा माणूस. मला म्हणाला, "भाऊ, खरं सांगा, हे गाडी अजून किती चालन?"

"तू काय काम घेणार आहे तिच्याकडून?"

तेव्हा त्याने सांगितलं. त्याच्या गावातले आणि आजूबाजूचे तीन जण नागपूरला डायलिसिससाठी येत. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एसटीने येताना ठीक, पण चार तास मशीनवर पडून राहिल्यावर परत जाताना त्यांना उभं राहवत नसे. तिघांनी मिळून वसंताला विचारलं होतं. बाकीचे दिवस तो इतर भाडी करणार होता.

मी इंजिन सुरू करून त्याला लांब स्क्रू ड्रायव्हर लावला, मूठ कानाला लावली. आमचा हा जुना स्टेथोस्कोप. आतून एकसारखी घरघर येत होती, कुठे टकटक नाही. म्हटलं, "इंजिन चांगलं आहे. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं आहे, दहा हजारांवर तेल बदला. तू सात हजारांवर येशील."

"काहून? पुस्तकात तं दहा लिवलं आहे."

"पुस्तक लिहिणारा आपल्या मे महिन्यात आला नव्हता. आणि तू पेशंट बसायच्या आधी गाडी थंड करून ठेवणार. म्हणजे अर्धा तास उभ्या-उभ्या एसी. ते किलोमीटर मीटर मोजत नाही, इंजिन मोजते."

वसंताने त्या दिवसापासून एकदाही चुकवलं नाही. दर दोन महिन्यांनी, पेशंट दवाखान्यात पोचवून तो थेट गॅरेजला यायचा. त्यांचे चार तास मशीनवर, याचे माझ्याकडे. तेल, फिल्टर, हवेचा फिल्टर झटकणं, रेडिएटरमधल्या पाण्याची पातळी, ब्रेक, पट्टे. सात हजार, परत सात हजार. त्याच सुमारास इतरांनी घेतलेल्या गाड्या भंगारात गेल्या. त्याची चालत होती. मी ती इतर गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायचो. गर्व म्हणा, पण दाखवायचो.

मग एका मे महिन्यातला बुधवार. मीटर चार लाख एकतीस हजारांच्या पुढे होता. मी तेल काढलं, बशीत घेतलं, उन्हात तिरकं केलं. काळ्या तेलात सोनेरी ठिणग्या दिसल्या. अगदी बारीक. हळदीकुंकवाच्या साडीवर असते तशी चमक. बशी फिरवली, परत बघितलं. तीच चमक.

याचा अर्थ आमच्या धंद्यात एकच. क्रँक म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा. तो ज्या मऊ धातूच्या वाट्यांमध्ये फिरतो, ती बेअरिंग झिजू लागली होती. तेलाचा थर कुठेतरी तुटत होता. अजून आवाज नव्हता, गाडी ओढत होती, धूर नव्हता. वसंताला काहीच जाणवलं नव्हतं.

"वसंता, गाडी हलवायची नाही. चेंबर खोलावं लागन."

इंजिनाखाली तेल साठवणारी जी परात असते तिला आम्ही चेंबर म्हणतो. वसंताने मान खाजवली. "भाऊ, असं कसं? परवा शुक्रवार आहे. तेल भरून द्या, शुक्रवारची फेरी होऊ द्या, मंग तुम्ही इंजिन खोला नाई तं काई करा."

"रस्त्यात क्रँक पकडला, जाम झाला तं?"

"कालपर्यंत चालूनच राहिली होती ना! दोन दिवसांनं काय होते?"

त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. कदाचित शुक्रवार निघालाही असता. गाडी त्याची होती. त्याने तेल भराच म्हटलं असतं तर मला भरावं लागलं असतं. मी म्हटलं, "आधी माह्या गाडीत बस. पेशंट घेऊन येऊ."

माझी स्वतःची गाडीही तीन लाखांवरची. दवाखान्याच्या पोर्चमध्ये तिघं बसून होते. दोघं पुरुष डोळे मिटून, आणि एक सुमनबाई. बाई म्हणजे निवृत्त अंगणवाडी सेविका. वसंताही लहानपणी त्यांच्याच हाताखाली क, ख शिकलेला. हाताच्या कोपराजवळ पट्टी, चेहरा ओढलेला, आवाज मात्र वर्गातला.

"काहून गा वसंता, हे कोणाची गाडी?"

वसंताने सांगितलं. आपलं म्हणणंही सांगितलं. भाऊ उगाच घाबरून राहिले, दोन दिवसांनं काही होत नाही. मी गाडी चालवत होतो, बोललो नाही. काटोलच्या अलीकडे बाई म्हणाल्या, "मिस्त्री, ते तेल साफ करायले गाडीत काही असते का?"

"फिल्टर असते बाई."

"मंग गाडीलेही डायलिसिस आहे म्हणा की." त्या हसल्या, मग वसंताकडे वळल्या. "मांगच्या वर्षी पुतणीच्या लग्नात मी एक डायलिसिस टाळलं होतं. तुले आठवते? मले काहीच होत नव्हतं. चांगली हिंडून-फिरून होती. म्हटलं, दोन दिवसांनं काय होते. तिसऱ्या दिवशी तूच मले उचलून आणलं गाडीत. श्वास घेता येत नव्हता."

वसंता मान खाजवू लागला.

"ज्याले आतलं समजते त्याचं ऐकावं," बाई म्हणाल्या. "मिस्त्रीले खोलू दे."

मी तिघांना त्यांच्या-त्यांच्या दारात सोडलं. तोपर्यंत सात हजारांचे हिशेब लावताना वसंताची गाडी माझ्यासाठी नुसती एक गाडी होती. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, एका माणसाला अंगणातून उंबऱ्यापर्यंत जायला वसंताने कसा खांदा दिला ते. बाई दारातून म्हणाल्या, "शुक्रवारी सहाले तयार राहतो आम्ही." माझ्या गाडीची किल्ली मी वसंताला दिली आणि एसटीने नागपूरला परत आलो.

गुरुवारी सकाळी गाडीखाली शिरलो. चेंबर उतरवलं. वर तेलाच्या पंपाचं तोंड असतं, त्याला एक जाळी. इंजिनाला जाणारा प्रत्येक थेंब त्या जाळीतून वर जातो. जाळीच्या निम्म्या भागावर काहीतरी राखाडी, रबरासारखं चिकटलं होतं. नखाने काढलं. चेंबरच्या कडेला तेल झिरपू नये म्हणून जी पेस्ट लावतात, तिचे तुकडे. कोणीतरी जरुरीपेक्षा जास्त पेस्ट लावली होती. घट्ट केल्यावर ती आत दबली, वाळली, सुटली आणि जाळीवर जाऊन बसली. इंजिन तेव्हापासून अर्ध्या घशाने तेल पीत होतं.

ते कोणीतरी म्हणजे मी. आदल्या हिवाळ्यात चेंबरची गळती मीच काढली होती. त्या दिवशी दारात सहा गाड्या उभ्या होत्या. नळी दाबताना हात जड पडला होता, आणि परत पुसून बारीक करायला मी थांबलो नव्हतो.

गाडीखाली पाठीवर पडूनच मी तो राखाडी तुकडा खिशात टाकला. छत्तीस वर्षांत माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही. पण ही गाडी मी लोकांना नमुना म्हणून दाखवत होतो. आणि हिचा घसा मीच धरला होता.

बेअरिंगच्या वाट्या काढल्या. वरचा चंदेरी थर जागोजागी गेला होता, खालचं तांबं दिसत होतं. क्रँकवर नखं फिरवली. गुळगुळीत. लेथवाल्याला बोलावून मापही घेतलं. क्रँक वाचला होता. अजून काही दिवस गेले असते तर वाट्या फिरल्या असत्या, क्रँक खरवडला असता, आणि ते झालं असतं काटोल-नरखेडच्या मधल्या कुठल्यातरी भर उन्हाच्या रस्त्यावर.

शुक्रवारी पेशंट पोचवून वसंता आला. मी त्याच्या हातावर तो तुकडा ठेवला.

"हे काय जी?"

"ह्याच्यानं झालं. अन् हे मी लावलं होतं. हिवाळ्यात. जास्त लावलं."

वसंताने तुकडा बोटांत फिरवून पाहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं मला कळत नव्हतं. मी पुढे म्हटलं, "ह्या कामाचं तू मले काही देणं नाही. अन् तुले दुसरीकडं गाडी न्यावीशी वाटली तं मी राग नाही धरणार."

"तुम्ही सांगतलं नसतं तं मले कुठं समजत होतं?"

"तुले नसतं समजलं."

त्याने तुकडा माझ्या हातावर परत ठेवला. "नव्या वाट्या आल्या काय? मी काही धरू लागू का?" एवढंच म्हणाला, आणि बाही वर करून बसला. आम्ही दोघांनी मिळून ते इंजिन बांधलं. पेस्ट मी नळीतून थेट न लावता बोटाने ओढली, सुताएवढी, चारही कडांनी. मग बसवण्याआधी उजेडात दोनदा बघितली. त्या दिवसापासून पेस्टची नळी मी घाईच्या वेळी हातात घेत नाही. गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं.

सोमवारी गाडी परत नरखेडच्या रस्त्याला लागली. हजार किलोमीटरवर वसंताला बोलावून तेल परत काढलं, बशीत घेतलं. नुसतं काळं. इतकं सुंदर काळं मी कधी पाहिलं नव्हतं.

लोक विचारतात, आता विजेच्या गाड्या आल्या, मिहानमधल्या कंपन्यांत जाणारी पोरं त्याच घेऊन फिरतात, त्यांना ना तेल ना फिल्टर, मग तुमचं कसं? खरं आहे. माझी विद्या कधीतरी लागायची बंद होईल. थोडं वाईट वाटतं. पण जोवर जुनी इंजिनं रस्त्यावर आहेत तोवर कोणाला तरी त्यांच्या आतलं कळायला पाहिजे.

यंदा थंडीत एका बुधवारी वसंता नेहमीपेक्षा उशिरा, दवाखान्यातून परतताना आला. गाडीत पेशंट होते. मला हाक मारून म्हणाला, "भाऊ, बसा." मीटरवर चार लाख नव्याण्णव हजार नऊशे शहाण्णव. मी मागे बसलो. काटोल रस्त्याला दोन किलोमीटर जाऊन आम्ही वळलो. गॅरेजच्या दारात येता-येता सगळे आकडे बदलले. पाच लाख. मागचे दोघं पुरुष टाळ्या वाजवत होते. मी खाली उतरून बॉनेट उघडलं.

तेल बदलायचंच होतं. सुमनबाई म्हणाल्या, "आज लवकर सोडलं मशीननं, थकवा नाही. बसतो आम्ही." जुनं तेल निथळेपर्यंत तिघं बाकावर चहा पीत बसले. नवा फिल्टर बसवला. मग बाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "कुठून टाकता? मी टाकू का?"

मी नरसाळं लावून दिलं. डबा जड, म्हणून खालून मी धरला. त्यांच्या हातावरची, वर्षानुवर्षं सुया टोचून फुगलेली शीर माझ्या काळ्या बोटांजवळ होती. मधासारखं नवं तेल न सांडता आत गेलं. वसंताने किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा तीन-चार सेकंद राहिला. नव्या फिल्टरमध्ये तेल चढेपर्यंत तो राहतोच, तरी दरवेळी मी मनात सेकंद मोजतो. मग विझला, आणि इंजिन एका लयीत चालू लागलं.

पुढच्या वेळी कधी यायचं तो आकडा मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली बांधतो. बाईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि वर्गात वाचावं तशी मोठ्याने वाचली, "पाच लाख सात हजार. म्हणजे किती दिवस झाले, मिस्त्री?"

"दोन महिने, बाई. दोन महिन्यांनी या."

त्यांनी चिठ्ठीवरच्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग ती माझ्या हातात देऊन पुढच्या सीटवर बसल्या, दार ओढून घेतलं आणि काच खाली करून म्हणाल्या,

"येतो ना. तेल मीच टाकीन."